पावसाळ्यात नागपूरहून खाऊचं पार्सल : एक बंगळुरूच्या हॉस्टेलला, एक लडाखला

त्रिमूर्तीनगर_ताई
पोळ्याच्या आत दोन पार्सलं पाठवायची आहेत. एक मुलीसाठी, बंगळुरूला. हॉस्टेलमध्ये फ्रिज नाही, गॅस नाही, फक्त विजेची केटली. दुसरं भाच्यासाठी. तो फौजेत आहे, लेहच्या बाजूला, पत्ता ५६ एपीओचा (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस).

मागच्या वेळचा हिशेब सांगते: चिवडा मऊ पडला, चकल्यांचा चुरा झाला, आंब्याच्या लोणच्याचं तेल खोकाभर पसरलं आणि बेसनाच्या लाडवांना सावजी मसाल्याचा वास लागला. पदार्थ सगळे घरचे होते, चवीला चांगले होते. बिघडलं ते वाटेत.

तर काय पाठवावं, काय अजिबात पाठवू नये, आणि भरावं कसं? विकतचं पाठवायचं नाही, ते तिकडेही मिळतं. कुरिअरवाल्याने खोका लहान असूनही वजन जास्त लावलं होतं, त्याचंही गणित कोणी समजावून सांगितलं तर बरं होईल.

इतवारी_गृहउद्योग
ताई, चारही तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत, म्हणून एकेक घेतो.

चिवडा मऊ पडतो तो वाटेत नाही, घरीच. पावसाळ्यात हवेत एवढी ओल असते की गरम चिवडा परातीत पसरून तीन-चार तास ठेवला तर तो गार होताना हवेतलं पाणी ओढून घेतो. उलट गरम गरम भरला तर वाफ पिशवीच्या आतल्या बाजूला धरते. दोन्हींच्या मधला मार्ग असा: चिवडा मोठ्या गंजात (पातेल्यात) ठेवायचा, वर कोरडं सुती फडकं बांधायचं, पंखा बंद. हाताला कोमट लागेनासा झाला की लगेच भरायचा. तास-दीड तास पुरतो.

अर्धा किलो पातळ पोह्यांना पाऊण वाटी तेल, १५० ग्रॅम फल्लीदाणे (शेंगदाणे), १०० ग्रॅम डाळवं, ७५ ग्रॅम खोबऱ्याचे काप. उन्हाळ्यात पोह्यांना दोन तास ऊन दिलं तरी भागतं. आता ऊन नाही, म्हणून कढईत मंद आचेवर आठ-दहा मिनिटं भाजा. दोन बोटांत चुरल्यावर पीठ झालं पाहिजे, नुसता तुकडा पडला तर अजून भाजा. कढीपत्ता हाच खरा गुन्हेगार. वरून कुरकुरीत दिसतो पण देठाजवळ ओला राहतो, आणि ते पाणी दोन दिवसांत सगळ्या चिवड्याला लागतं. पानं देठावरून काढा, धुतली असतील तर आदल्या दिवशी वाळवा, तेलात तडतड थांबेपर्यंत तळा. हिरवी मिरची टाकू नका, वाळलेली लाल मोडून टाका. पिठीसाखर पाणी ओढते, तीही पार्सलच्या चिवड्यात नको. तळलेला कांदा तर नाहीच.

खोबरं सगळ्यात आधी खवट होतं. लेहच्या पार्सलला किती दिवस लागतील सांगता येत नाही, त्या चिवड्यात खोबरं घालूच नका.

चकली आणि शेव पाठवायचा हट्ट सोडा. भरताना कितीही जपलं तरी चुरा होणारच. त्यांच्या जागी शंकरपाळे. एक वाटी पाणी, एक वाटी साखर, एक वाटी तूप, मावेल तेवढा मैदा, साधारण चार ते साडेचार वाट्या. दुधाऐवजी पाणी घ्या, जास्त टिकतात. पोळी अर्ध्या सेंटीमीटरहून पातळ लाटू नका. आच मंद, एका घाण्याला आठ-दहा मिनिटं द्या. आच मोठी झाली तर कडा लाल होतात, पोट कच्चं राहतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी सगळे शंकरपाळे मऊ. एक मोडून पाहा: आतला रंग बाहेरच्यासारखाच दिसला पाहिजे.

लाडू. अर्धा किलो जाडसर बेसनाला आपण घरी २५० ग्रॅम तूप घेतो, पार्सलसाठी २०० घ्या. तूप ३०-३५ अंशांच्या आसपास वितळतं. मालगाडीच्या किंवा कुरिअरच्या बंद डब्यात तेवढं तापमान पावसाळ्यातही होतं, मे महिन्याचं तर बोलायलाच नको. तूप जास्त असलं की लाडू बसतो, खालचा थर एकजीव होतो. दुधाचा हबका मारणार असाल तर फेस पूर्ण बसून बेसन पुन्हा कोरडं होईपर्यंत परता. नाहीतर पाचव्या-सहाव्या दिवशी वास येतो. ओल्या नारळाचे रवा लाडू, खव्याचं काहीही, पुरणपोळी, पुडाची वडी यातलं काही नको. पुडाची वडी म्हणजे सांबाराचं (कोथिंबिरीचं) ओलं सारण, तिचं आयुष्य एका दिवसाचं.

लसणाबद्दल जरा गंभीरपणे सांगतो. हिरव्या मिरचीचा ठेचा किंवा कच्चा लसूण तेलात बुडवून बाटली घट्ट बंद करून पाठवू नका. हवा नसलेल्या, तेलाखालच्या ओल्या लसणात बोटुलिझमचे जंतू वाढू शकतात. वास, रंग, चव काहीच बदलत नाही, म्हणून खाणाऱ्याला कळतही नाही. लसूण हवाच असेल तर कापून कुरकुरीत तळून कोरड्या चटणीत.

तशी चटणी म्हणजे आपली जवसाची. २०० ग्रॅम जवस मंद आचेवर तडतडून थांबेपर्यंत भाजायचं, १०-१२ वाळलेल्या मिरच्या, तळलेल्या लसणाच्या १५-२० पाकळ्या, चमचाभर जिरं, मीठ. सगळं पूर्ण गार झाल्यावर मिक्सर थांबवत-थांबवत फिरवा. एका दमात फिरवलं तर जवस तेल सोडतं आणि चटणीचा गोळा होतो. दळलेलं जवस लवकर खवट होतं, तीन आठवड्यांत संपेल एवढंच द्या. बंगळुरूला ठीक, लेहला मेतकूट किंवा कोरडा फल्लीदाण्यांचा कूट बरा.

गड्डीगोदाम_खोकेवाला
वरच्या भाऊंनी पदार्थाचं सांगितलं, मी भरण्याचं सांगतो. माझा रोजचा धंदा खोक्यांचाच आहे.

आधी वजनाचं गणित. खाजगी कुरिअरवाले दोन वजनं काढतात, काट्यावरचं आणि आकारावरचं, आणि जे जास्त त्याचे पैसे घेतात. आकाराचं वजन म्हणजे लांबी × रुंदी × उंची सेंटीमीटरमध्ये, भागिले ५०००. ४० × ३० × २५ चा खोका घेतला तर ३०,००० भागिले ५०००, म्हणजे ६ किलो. आत चिवडा-मुरमुरे मिळून तीन किलो असले तरी बिल सहाचं. तेच सामान ३० × २५ × २० मध्ये बसवलं तर तीन किलोचंच लागतं. म्हणून आधी सामान एकावर एक रचून मोजा, मग खोका घ्या. लोक उलटं करतात: घरी पडलेला खोका घेतात आणि मग तो भरायला धावतात.

खोका पाच पदरी घ्या, नवा. किराणा दुकानातला बिस्किटांचा जुना खोका पावसाळ्यात भिंतीजवळ पडून आधीच ओल धरून बसलेला असतो. कोपरा अंगठ्याने दाबून पाहा, दबला तर नको. पाच किलोच्या वर तीन पदरी खोका खालच्या बाजूने फुटून जाते.

टेप दोन इंची तपकिरी. मधल्या फटीवर लांब एक पट्टी आणि दोन्ही टोकांच्या कडांवर आडवी एकेक, अशी खाली-वर दोन्हीकडे. अडीच-तीन इंच टेप खोक्याच्या अंगावर उतरला पाहिजे. फटीपुरताच लावला तर तो धूळ-ओलीने सुटतो.

आतमध्ये: तळाला दोन इंचांची गादी. जड बरण्या मध्यभागी खाली, हलकं वर, आणि कुठलीच वस्तू खोक्याच्या भिंतीला टेकता कामा नये. गादीसाठी बबल रॅप विकत आणायची गरज नाही. मुलीला टॉवेल, मोजे, स्वेटर काही द्यायचं असेल तर तेच गुंडाळा. फटी भरायला मुरमुऱ्यांच्या छोट्या पन्न्या (प्लास्टिकच्या पिशव्या). वजन जवळपास नाही, दाबल्या की फटीच्या आकाराच्या होतात आणि पोचल्यावर खाताही येतात. वर्तमानपत्राचे बोळे चालतात, पण फक्त बाहेरच्या थरात. तेलकट पदार्थाला छापील कागद लागू देऊ नका, शाई तेलात उतरते. अन्न वर्तमानपत्रात बांधू नका असं सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही (एफएसएसएआय) सांगितलेलं आहे.

बंद करण्याआधी खोका दोन्ही हातांनी कानाजवळ हलवा. आत काही सरकल्याचा आवाज आला तर अजून भरा. चुरा होतो तो खोका पडल्यामुळे कमी आणि आतल्या आत सरकल्यामुळे जास्त. हजार किलोमीटरभर डबा आतून ठोकत राहतो.

पिशव्यांचं: बाजारातली पातळ पन्नी मसाल्याचा वास अडवत नाही. कितीही गाठी मारा, वास प्लास्टिकमधून आरपार जातो. लाडवाला मसाल्याचा वास लागला तो असा. मसाल्याला आतून चंदेरी असलेली जाड पिशवी घ्या, इतवारीत ठोक दुकानांत मिळते. ८ इंची हँड सीलर घरात असला तर उत्तमच. एका सेंटीमीटरच्या अंतरावर दोन सील मारा. सील सुटतं ते यंत्रामुळे नाही, तर तोंडाशी मसाल्याची भुकटी किंवा तेलाचं बोट लागल्यामुळे. भरताना कागदाचं नरसाळं करा, मग तोंड आतून कोरड्या फडक्याने पुसा. खात्री करायची तर सील केलेली पिशवी पाण्याच्या बादलीत दाबून धरा, बुडबुडा आला की पुन्हा सील. नुसत्या झिपच्या पिशवीवर भरवसा ठेवू नका, चिवड्याचा एक दाणा झिपमध्ये अडकला की ती उघडीच.

आणि एक, पत्ता एकाच ठिकाणी लिहू नका. खोक्याच्या वर परमनंट मार्करने, वरून पारदर्शक टेप. दुसरी चिठ्ठी आत, सगळ्यात वर, पाठवणारा आणि घेणारा दोघांचे पत्ते आणि मोबाईल नंबर लिहून. बाहेरचं लेबल पावसात गेलं तर आतल्या चिठ्ठीवरून पार्सल सापडतं.

त्रिमूर्तीनगर_ताई
लोणच्याचं राहिलं. मुलगी लोणच्याशिवाय ऐकणार नाही. काचेची बरणी की प्लास्टिकची? आणि स्टीलचा डबा का नको?

इतवारी_गृहउद्योग
स्टीलचा डबा गळतो, कारण झाकण नुसतं बसवलेलं असतं, आटे नसतात. शिवाय आंबट आणि मीठ दोन्ही धातूला खातात. पत्र्याच्या झाकणाच्या बरणीतही तोच त्रास, झाकणाखाली गंज. काच जड आणि फुटणारी. जाड पीईटी प्लास्टिकची, रुंद तोंडाची, आटेवाल्या प्लास्टिक झाकणाची बरणी घ्या.

नुकतंच घातलेलं लोणचं पाठवू नका. मुरत असताना त्यात वायू तयार होतो, बंद बरणीत दाब वाढतो आणि तेल आट्यांतून बाहेर येतं. मागच्या वेळचं तेल गळण्याचं कारण बहुतेक हेच. एप्रिल-मेमध्ये घातलेलं आता मुरलेलं असेल, ते चालेल. ओळखायचं असं: बरणीचं झाकण दोन दिवस घट्ट लावून ठेवा, उघडताना फुस्स आवाज आला तर अजून नाही.

भरताना वर बोटभर जागा ठेवा. पाठवायच्या लोणच्यात वरचं सुटं तेल काढून घ्या, फोडी माखलेल्या राहतील एवढंच ठेवा. तोंडावर प्लास्टिकचा दुहेरी चौकोन, मग झाकण, मग झाकणाच्या कडेला टेप ज्या दिशेने झाकण घट्ट होतं त्याच दिशेने. उलट्या दिशेने ओढलात तर टेप लावता लावताच झाकण ढिलं होतं. रात्रभर बरणी आडवी करून कागदावर ठेवा. सकाळी कागद कोरडा असेल तरच खोक्यात. मग एका पन्नीत, तिच्यावर जुन्या सुती कपड्याचा तुकडा, वर दुसरी पन्नी. खोक्यात उभीच.

एवढं नको असेल तर लिंबाचं बिनतेलाचं साखरेचं लोणचं पाठवा, गळलं तरी खोकाभर तेल होत नाही.

वायुसेनानगर_फौजी
लेहच्या पार्सलबद्दल.

ताई, पहिली गोष्ट: एपीओच्या पत्त्यावर खाजगी कुरिअर जात नाही. पोस्टच. सिव्हिल लाइन्सच्या जीपीओमध्ये किंवा जवळच्या कुठल्याही पोस्टात स्पीड पोस्ट पार्सल करा. पत्ता असा: नंबर, हुद्दा, नाव, युनिट, द्वारा ५६ एपीओ, आणि ९ ने सुरू होणारा सहा आकडी पिन. गावाचं नाव लिहायचं नाही. पोस्टिंग कुठे आहे ते पत्त्यात उघड होऊ नये म्हणूनच ती व्यवस्था आहे, आणि 'लेह' लिहिलंत तर पार्सल भलत्या वाटेला लागण्याची शक्यता वेगळीच. तुम्ही इथेही युनिट लिहू नका.

दुसरी गोष्ट, हवा. लेह समुद्रसपाटीपासून साधारण ३५०० मीटरवर, आपलं नागपूर ३१० मीटरच्या आसपास. तिथे हवेचा दाब इथल्या जेमतेम दोन तृतीयांश. म्हणजे इथे हवेसकट सील केलेली पिशवी तिथे दीडपट फुगते. चिवड्याच्या पिशव्या टम्म होऊन खोक्याचं झाकण वर उचलतात किंवा सील फाटतं. सील करण्याआधी पिशवी हाताने हळूच दाबून हवा काढा, आणि पिशवी पाऊणच भरा. बरण्यांचंही तेच. वर सांगितलेली बोटभर जागा हवेने भरलेली असते, ती हवा तिथे फुगून तेल बाहेर ढकलते. म्हणून लडाखला तेलाचं लोणचं नकोच. कोरडा भुरका (लाल तिखटाची चटणी) पाठवा.

तिसरी, थंडी. ऑगस्टमध्ये ठीक आहे, पण पार्सल ऑक्टोबरनंतर जाणार असेल तर बेसनाचा लाडू दगड होतो. डिंकाचा लाडूही. खाणाऱ्याने स्टोव्हजवळ ठेवून खायचा हे चिठ्ठीत लिहा, किंवा गुळाची फल्लीदाण्यांची चिक्की पाठवा. थंड कोरड्या हवेत ती छान राहते. बंगळुरूला मात्र चिक्की चिकट होईल, तिकडे नको. खोबरेल तेल २४ अंशांच्या खाली गोठतं, अरुंद तोंडाच्या बाटलीतून ते बाहेरच येत नाही. डोक्याला तेल पाठवायचं असेल तर रुंद तोंडाच्या डबीत.

तिथे मेस असते, म्हणून कच्चा सुका माल उपयोगी पडतो: मुंगवड्या, सांडगे, कुरडया (मोडल्या तरी भाजीत जातात), भिवापुरी मिरचीचं तिखट, काळा मसाला. एकट्यापुरतं पाठवू नका. बराकीत डबा उघडला की सगळ्यांचा होतो, तेव्हा भारी थोडं पाठवण्यापेक्षा साधं भरपूर.

बाहेरून मांजरपाट शिवून घ्या. पोस्टाची आता तशी सक्ती नाही, पण पार्सल बरेच हात बदलतं आणि कापड खोक्याचे कोपरे धरून ठेवतं. कापडाच्या आत एक जाड प्लास्टिक. गांधीबागेत मीटरवर मिळतं. पत्ता कापडावर मार्करने, कारण चिकटवलेला कागद कापडावरून निघतो.

स्पीड पोस्ट विमानानेही जातं, त्यामुळे डिओडरंट, परफ्यूम, लायटर, काडेपेटी, पॉवर बँक, सॅनिटायझर, नेलपॉलिश यातलं काही टाकू नका. एक्स-रेमध्ये दिसलं की अख्खं पार्सल अडकतं, लाडवासकट.

वर्धारोड_१९
इतकं कशाला? घरगुती व्हॅक्यूम मशीन दोन-अडीच हजारांत येते. सगळं व्हॅक्यूम करा, सहा महिने टिकतं. आणि प्रत्येक पिशवीत सिलिका जेल.

इतवारी_गृहउद्योग
भाऊ, चिवडा व्हॅक्यूम केला तर पिशवीतच त्याची वीट होते, शंकरपाळ्यांची टोकं पिशवीला भोकं पाडतात. व्हॅक्यूम भुकटीला चांगलं: मसाला, मेतकूट, सातूचं पीठ. त्यातही बारीक पीठ पंपात ओढलं जातं, म्हणून आधी कागदी पिशवीत घालून मग प्लास्टिकमध्ये. आणि व्हॅक्यूम केलं म्हणून ओला पदार्थ टिकत नाही. वर लसणाबद्दल लिहिलं तो धोका हवा काढल्यावरच वाढतो.

सिलिका जेल ओल धरतं, खवटपणा थांबवत नाही. तेलकट पदार्थ बिघडतो तो ऑक्सिजनने, त्याला ऑक्सिजन शोषणाऱ्या वेगळ्या पुड्या येतात. जेल वापरायचंच तर खाद्यपदार्थांसाठीचं, बंद पुडीतलं, चिवड्याच्या किलोला ५ ग्रॅमच्या दोन पुड्या. बुटाच्या खोक्यातली जुनी पुडी उचलून टाकू नका. ती आधीच ओल पिऊन बसलेली असते, नुसती शोभेची.

धंतोली_काकू
केटलीवाल्या मुलीसाठी मी दोन गोष्टी सुचवते. ती रोज चिवडाच खाणार नाही, तिला सकाळी पोटभर काहीतरी हवं.

उपम्याचं कोरडं मिश्रण. २५० ग्रॅम बारीक रवा (बारीकच, जाड रवा नुसत्या गरम पाण्यात शिजत नाही) मंद आचेवर दहा-बारा मिनिटं भाजून बाजूला काढा. तीन मोठे चमचे तेल, मोहरी, उडीद डाळ लाल होईपर्यंत, हिंग, वाळलेली मिरची, कडक तळलेला कढीपत्ता, थोडे काजू. त्यात रवा परत टाकून सराट्याने पाच मिनिटं हलवा, मीठ आणि चिमूटभर साखर. पूर्ण गार करून एकेका वाटीच्या पुड्या करा. एका पुडीला दोन वाट्या उकळतं पाणी, डब्यात घालून ढवळून झाकण, सात-आठ मिनिटं. मिश्रण केटलीत टाकायचं नाही हे पुडीवर मोठ्या अक्षरात लिहा. रवा केटलीच्या तळाला लागतो, केटली जळते आणि वॉर्डन ओरडते ते वेगळं. पुड्या तीन आठवडे टिकतात.

मटार-गाजर वाळवून घालायचे व्याप करू नका, दहा मिनिटांत ते नरम होत नाहीत.

दुसरं सातूचं पीठ. दोन भाग गहू, एक भाग डाळवं. गहू पाण्याचा हात लावून कांडून कोंडा काढायचा, वाळवून खमंग भाजायचा, मग डाळव्यासोबत बारीक दळायचा. सुंठ, वेलची. गूळ आत मिसळू नका, पावसाळ्यात गोळे होतात. गुळाची पावडर वेगळ्या पुडीत. गार पाण्यात किंवा दुधात कालवलं की झालं, केटलीचीही गरज नाही. गिरणीत आधी कोणाचं तिखट दळलं आहे का ते विचारा! मिरचीनंतर आपलं पीठ पडलं तर सातू तिखट लागतो आणि मुलगी फोन करून विचारते काय पाठवलं म्हणून.

पार्सलमध्ये वरच्या चिठ्ठीत पदार्थांच्या नावांपुढे 'आधी संपव' आणि 'नंतर' असं लिहा. जवसाची चटणी, लाडू आधी. शंकरपाळे, मेतकूट, उपमा नंतर. मुली उलटंच करतात, आवडीचं साठवून ठेवतात आणि तेच खवट होतं. औषधं द्यायची असतील तर पट्टीतून सुट्या गोळ्या काढून डबीत भरू नका. पूर्ण पट्टी, नाव आणि तारीख दिसेल अशी, सोबत डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स.

गड्डीगोदाम_खोकेवाला
एक सांगायचं राहिलं. पार्सल सोमवारी किंवा मंगळवारी टाका. शुक्रवारी टाकलं तर शनिवार-रविवार कुठल्यातरी गोदामात पडून राहते, आणि हॉस्टेलचं ऑफिसही रविवारी बंद. राखी झाली, आता गर्दी थोडी कमी आहे. दिवाळीचं पाठवायचं असेल तर दहा-बारा दिवस आधी.

त्रिमूर्तीनगर_ताई
सगळ्यांचे आभार. बंगळुरूला चिवडा, शंकरपाळे, जवसाची चटणी, उपमा, सातू, मुरलेलं लोणचं. लेहला बिनखोबऱ्याचा चिवडा, चिक्की, भुरका, मुंगवड्या, मसाला. हे ठरवलं. मुलगी म्हणते डिसेंबरमध्ये संत्री पण पाठव. जातील का? की संत्रा बर्फीवर भागवू?

काटोल_बागायतदार
जातील, दोन-तीन दिवसांत पोचणार असतील तर. ऑक्टोबरच्या शेवटापासून डिसेंबरपर्यंत आंबिया बहार (संत्र्याचा एक हंगाम) असते, फेब्रुवारी-मार्चमध्ये मृग बहार. आपल्या संत्र्याची साल सैल असते, सालीत आणि फोडींत पोकळी असते, म्हणून मोसंबीसारखी एकावर एक रचली तर खालची फुटतात. साल घट्ट असलेली, किंचित हिरवट छटा असलेली फळं निवडा. पिवळीजर्द सैल फळं इथेच खा.

झाडावरचंच घेत असाल तर फळ ओढून तोडू नका, कात्रीने तोडा, देठाचं बटण फळाला राहू द्या. ओढलं की देठापाशी साल उचकते आणि तिथूनच हिरवी बुरशी शिरते. धुवायचं नाही. प्रत्येक फळ वेगळ्या कागदात गुंडाळायचं, म्हणजे एक नासलं तरी बुरशी शेजारच्याला लागत नाही. खोक्याला दोन्ही बाजूंना रुपयाएवढी चार-चार भोकं, दोनपेक्षा जास्त थर नाही, मध्ये पुठ्ठा. आणि संत्री चिवड्याच्या खोक्यात अजिबात नको. फळ पाणी सोडत असतं, चिवडा मऊ पडेल. वेगळा खोका.

बर्फी दुकानातली सीलबंद घ्या आणि वेष्टनावरची तारीख पाहून, पोचल्यावर निदान आठवडा उरेल अशी. घरी खवा घालून केलेली पाठवू नका.